दख्खनमधील ग्रामपाहणी

शेतीचे जाणकार, वैद्य, मोजणी अधिकारी आणि कृषिरसायनज्ञ यांनी एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभापासून विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकापर्यंत महाराष्ट्राच्या पठारी प्रदेशात प्रत्यक्ष खेड्यांत जाऊन केलेले शेतीचे व शेतकरी समाजाचे निरीक्षण. जमिनीचा कस, पिके, अवजारे व जनावरे यांच्या नोंदीपासून या पाहणीस आरंभ झाला. तथापि शेतकऱ्याच्या घरात किती येते, किती जाते आणि उरते काय, या प्रश्नाशी ती हळूहळू येऊन ठेपली. सरकारी दप्तरात गावाची ओळख त्याच्या महसुलाच्या आकड्यावरून होई. या निरीक्षकांनी त्या आकड्याच्या पलीकडचा, म्हणजे कसणाऱ्याच्या बाजूचा हिशेब मांडला. महाराष्ट्राच्या सामाजिक व आर्थिक इतिहासाचे एक महत्त्वाचे साधन म्हणून या लेखनाकडे पाहिले जाते.

यूरोपीय पूर्वपीठिका : शेतीच्या अभ्यासकाने प्रवास करून समाजाचे निदान करावे, या प्रथेचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे इंग्रज कृषिलेखक आर्थर यंग (१७४१–१८२०) हा होय. सफक परगण्यातील ब्रॅडफील्ड येथे त्याची शेती होती. स्वतःच्या शेतीत त्याला फारसे यश आले नाही; परंतु शेतीविषयक प्रवासवर्णनांनी त्याचे नाव यूरोपभर झाले. १७८४ पासून त्याने ॲनल्स ऑफ ॲग्रिकल्चर हे नियतकालिक चालविले व १७९३ मध्ये तो ब्रिटिश कृषिमंडळाचा चिटणीस झाला. १७८७, १७८८ व १७८९ या वर्षी त्याने फ्रान्समध्ये तीन प्रवास केले आणि त्यांचे वृत्त १७९२ मध्ये प्रसिद्ध केले. उत्कृष्ट बांधणीचे पण रहदारीवाचून ओस पडलेले राजरस्ते, सरदारांच्या शिकारीसाठी राखलेल्या प्राण्यांकडून होणारी पिकांची नासाडी, अर्धेलीने कसणाऱ्या कुळांचे दारिद्र्य, मिठावरील जुलमी कर, आणि राजधानीत राज्य बदलत असताना प्रांतोप्रांतीच्या कॉफीगृहांत वर्तमानपत्राचाही अभाव, अशा अनेक गोष्टी त्याने टिपल्या. याउलट डंकर्कजवळच्या रेताड जमिनीत स्वतःच्या मालकीच्या तुकड्यावर राबणाऱ्यांनी फुलविलेली शेती पाहून मालकी हक्काचे सामर्थ्य त्याने मान्य केले.

१२ जुलै १७८९ रोजी, म्हणजे बॅस्टीलच्या पाडावापूर्वी दोनच दिवस, ईशान्य फ्रान्समधील एका चढणीवर त्याला एक शेतकरी स्त्री भेटली. तिच्या नवऱ्याजवळ जमिनीचा एक तुकडा, एक गाय व एक लहानसे घोडे एवढीच मालमत्ता होती आणि घरात सात मुले होती. एका जमीनदाराला गव्हाचे एक माप व तीन कोंबड्या, दुसऱ्याला ओटची चार मापे, एक कोंबडी व एक नाणे, आणि वर सरकारी कर, असा तिच्यावरील देण्यांचा तपशील यंगने नोंदविला आहे. वाकलेली, सुरकुतलेली ती स्त्री त्याला साठीची वा सत्तरीची वाटली. तिचे वय अठ्ठावीस होते. राज्यक्रांतीच्या कारणांची चर्चा करणाऱ्या ग्रंथांतून ही नोंद पुनःपुन्हा उद्धृत झाली आहे. एका कुटुंबाच्या देण्यांच्या यादीतून संबंध राज्यव्यवस्थेचे स्वरूप उघड होते, हे तिचे महत्त्व. यंगच्या दृष्टीलाही मर्यादा होत्या. मोठ्या भांडवली शेतांची इंग्रज पद्धत हाच त्याचा मानदंड होता आणि त्याने देश मुख्यतः रस्त्याच्या कडेने पाहिला. तरीही शेती पाहणाऱ्याने शेतकऱ्याचे घरही पाहावे, हा धडा त्याने घालून दिला. याच सुमारास स्कॉटलंडमध्ये सर जॉन सिंक्लेअरने गावोगावच्या धर्मोपदेशकांकडून प्रश्नावलीद्वारे माहिती जमवून देशाचा सांख्यिकीय वृत्तांत (१७९१–९९) सिद्ध केला होता. दख्खनमध्ये आलेले पहिले ब्रिटिश निरीक्षक ज्या काळात वाढले, त्या काळाचा हा बौद्धिक वारसा होता.

पेशवाईची अखेर : १८१८ मध्ये पेशव्यांचा मुलूख ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात आला. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दीत महालांचा वसूल मक्त्याने देण्याची प्रथा बळावली होती. मक्तेदाराला मुदतीत होईल तितका वसूल करावयाचा असे. त्यामुळे पूर्वीच्या कमाविसदारांना असलेली रयतेच्या टिकावाची काळजी त्याला नसे. नव्या मुलखाचा कमिशनर माउंट स्ट्यूअर्ट एल्फिन्स्टन याने १८१९ मध्ये सादर केलेल्या अहवालात गाव हाच या समाजाचा टिकाऊ घटक असल्याचे नमूद केले. राज्ये आली-गेली तरी पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, मिरासदार व उपरी यांची गावगाड्यातील मांडणी टिकून राहिली होती. मिरासदार म्हणजे जमिनीवर वंशपरंपरागत हक्क असलेला शेतकरी. उपरी हा करारापुरता कसणारा. हा भेद पुढील सर्व पाहण्यांत महत्त्वाचा ठरला. एल्फिन्स्टनचे चित्र मात्र सबंध प्रांताचे होते. एका गावाच्या आत शिरून तेथील घरांचा हिशेब पाहण्याचे काम एका वैद्याने केले.

कोट्स व लोणी : पुणे येथील शल्यवैद्य टॉमस कोट्स याने पुण्याच्या ईशान्येस असलेल्या लोणी (आजचे लोणीकंद) या गावाचा वृत्तांत लिहिला. मुंबईच्या लिटररी सोसायटीपुढे तो १८२० मध्ये वाचला गेला व १८२३ मध्ये सोसायटीच्या निबंधसंग्रहात प्रसिद्ध झाला. गावची शिवारे, जमिनीचे प्रकार, नांगर, कुळव व पाभर, बैलजोड्यांची संख्या, बाजरी-ज्वारीची पिके, घरांची बांधणी व घरातील भांडीकुंडी, लोकांचे अन्न, वस्त्र व सणवार, बलुतेदारांची कामे व त्यांचा धान्यातील वाटा, असा सर्व तपशील त्यात आहे. लोणीच्या शेतकऱ्याला आपल्या धंद्याचे ज्ञान उत्तम असल्याचा निर्वाळा कोट्सने दिला. शेतकरी गरीब असेल तर त्याचे कारण त्याचे अज्ञान नव्हे, असा याचा अर्थ होतो. पुढे १८८९–९१ मध्ये भारतभर हिंडलेला कृषिरसायनज्ञ जॉन ऑगस्टस फेलकर हाही आपल्या १८९३ च्या अहवालात याच निष्कर्षाला आला. सरपणाच्या अभावी शेण चुलीत जाते व शेताला खत मिळत नाही, ही उणीव फेलकरने दाखविली. शेतकऱ्याच्या कौशल्यात मात्र त्याला खोट दिसली नाही.

कोट्सच्या वृत्तांतातील सर्वांत बोलका भाग कर्जाचा आहे. गावातील ८४ शेतकऱ्यांपैकी बहुतेक सर्व सावकाराचे देणेकरी होते. प्रत्येकाचे देणे साधारणपणे ४० ते २०० रुपयांचे होते, गावाचे एकूण कर्ज सु. साडेचौदा हजार रुपये होते आणि व्याजाचा प्रचलित दर शेकडा २४ होता. लहान रकमांना तो याहूनही अधिक पडे. शेतकऱ्याचा कर्जबाजारीपणा ब्रिटिश अमदानीनेच निर्माण केला, या समजुतीला या आकड्यांमुळे मुरड घालावी लागते. त्याचबरोबर दुसरी गोष्टही ध्यानात घेतली पाहिजे. त्या काळी सावकाराला गावाच्या संमतीवाचून वसुली करणे अवघड होते. पाटील व पंचायत यांच्या मध्यस्थीने तडजोड होई आणि देणेकऱ्याची जमीन सावकाराच्या नावे सहसा होत नसे. कर्ज तेच, परंतु त्याच्या मागचे बळ वेगळे होते. हे बळ बदलल्यावर काय होईल, हे लोणीच्या आकड्यांत दिसणे शक्य नव्हते.

साइक्सचे दौरे : विल्यम हेन्री साइक्स (१७९०–१८७२) या लष्करी अधिकाऱ्याची १८२४ मध्ये मुंबई सरकारने सांख्यिकीय वृत्तनिवेदक म्हणून नेमणूक केली. पुणे, अहमदनगर, खानदेश व धारवाड या चार जिल्ह्यांत त्याने वर्षानुवर्षे तंबू ठोकून दौरे केले. काटकसरीसाठी १८२९ मध्ये हे पद रद्द झाल्यावरही हाती घेतलेले काम त्याने १८३१ पर्यंत पुरे केले. यंगप्रमाणेच त्याचे कुतूहल चौफेर होते. दख्खनमधील पक्षी व मासे यांच्या अनेक जातींचे पहिले शास्त्रीय वर्णन त्याचे आहे. एका चंडोल पक्ष्याला आजही त्याचे नाव आहे. लंडनच्या सांख्यिकी संस्थेच्या (१८३४) संस्थापकांत तो होता.

शेतीच्या इतिहासाच्या दृष्टीने साइक्सचे मोठे काम जमीनधारणेविषयीचे आहे. गावोगावच्या कुलकर्ण्यांकडील जुने थळझाडे त्याने पाहिले. थळ म्हणजे एका मूळ कुटुंबाच्या वाट्याची जमीन. ते कुटुंब निर्वंश झाले वा परागंदा झाले तरी जमीन त्याच्याच नावाने ओळखली जाई व तिला गतकुळाची जमीन म्हणत. दुष्काळ, स्वाऱ्या व रोगराई यांनी कोणती कुटुंबे गावातून उठली, याची स्मृती अशा रीतीने शेतांच्या नावांत टिकून राहिली होती. जमीन ही सरकारची, तिच्यावर रयतेचा काही हक्क नाही, या तेव्हा काही इंग्रज अधिकाऱ्यांत प्रचलित असलेल्या मताला साइक्सने जमविलेल्या मिरासपत्रांनी ठोस उत्तर मिळाले. गावोगावी बदलणारी वजने व मापे यांचीही त्याने नोंद केली. तथापि त्याचे लेखन प्रामुख्याने इंग्लंडमधील विद्वत्संस्थांच्या पत्रिकांत प्रसिद्ध झाले आणि महसुलाचा कारभार त्याच्या शेजारून वेगळ्याच वाटेने पुढे गेला.

महसुली मोजणी : ही वेगळी वाट आर. के. प्रिंगल याने १८२७–२८ मध्ये पुणे जिल्ह्यात घातली. तो इंग्लंडमधील हेलीबरी येथील कंपनीच्या महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकून आला होता. प्रत्येक शेताचे निव्वळ उत्पन्न काढून त्याच्या ५५ टक्के आकार बसवावा, अशी त्याची योजना होती. तत्त्व निर्दोष भासले तरी उत्पन्नाचे अंदाज चुकले, मोजणीत लाचलुचपत शिरली, आणि आकाराच्या ओझ्याखाली शेतकरी जमिनी टाकून परागंदा होऊ लागले. १८३५–३६ मध्ये जॉर्ज विंगेट व एच. ई. गोल्डस्मिड यांनी इंदापूर तालुक्यापासून नवी मोजणी सुरू केली. निव्वळ उत्पन्नाचा हिशेब सोडून देऊन मातीची खोली व पोत यांवरून जमिनीची प्रतवारी करावी, मागील वसुलीचा अनुभव पाहून आकार ठरवावा आणि तो तीस वर्षे स्थिर ठेवावा, अशी ही पद्धत होती. प्रारंभी आकार हलका झाल्याने पडीक जमिनी लागवडीखाली आल्या आणि १८४७ च्या संयुक्त अहवालाने ही पद्धत मुंबई इलाख्यात पक्की झाली.

या मोजणीत प्रत्येक शेताला क्रमांक मिळाला, हद्दीचे दगड बसले व खातेदाराला जमीन विकण्याचा वा गहाण टाकण्याचा निर्वेध हक्क मिळाला. लोणीच्या काळी सावकाराचे तारण शेतकऱ्याची पत व गावचा शब्द हे होते. आता ते जमीन हे झाले. जोडीला दिवाणी न्यायालये आली. तेथे रोखा हा पुरावा होता व तो कोणत्या परिस्थितीत लिहून घेतला याची चौकशी नव्हती. नव्या कायद्याने सावकाराचे हात बळकट झाल्याचा इशारा विंगेटने स्वतः १८५२ मध्ये दिला होता. ज्याने जमीन मोजली त्यालाच मोजणीचा हा परिणाम दिसावा, ही लक्षणीय गोष्ट आहे. मात्र इशारा दप्तरात राहिला.

१८७५ चा उठाव : अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) कापसाचे भाव चढले, सावकार सढळ हाताने कर्जे देऊ लागले व शेतकऱ्याची पत फुगली. युद्ध संपताच भाव कोसळले. याच सुमारास, १८६७ पासून, इंदापूर व इतर तालुक्यांतील तीस वर्षांची मुदत संपून आकारात मोठी वाढ करण्यात आली. पुणे सार्वजनिक सभेने १८७२–७३ मध्ये शेतकऱ्यांच्या स्थितीची स्वतंत्र चौकशी करून या वाढीविरुद्ध आवाज उठविला. डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातील कर्डे गावाने एका सावकारावर बहिष्कार टाकला. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे बाजारच्या दिवशी जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे व वह्या हिसकावून जाळल्या, आणि हे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. माणसांवर हात टाकण्याचे प्रकार तुलनेने थोडे झाले. लोकांचा रोख कागदांवर होता, कारण जमीन कागदांनीच जात होती.

सरकारने नेमलेल्या आयोगाला असे आढळले, की पाहणी केलेल्या गावांतील सु. एकतृतीयांश खातेदार कर्जात बुडालेले होते, त्यांचे कर्ज त्यांच्या जमीनमहसुलाच्या सु. अठरा पट होते आणि त्यातील जवळजवळ दोनतृतीयांश कर्जाला जमीन गहाण होती. कोट्सच्या आकड्यांशी हे आकडे ताडून पाहिले असता अर्धशतकातील फरक ध्यानात येतो. लोणीत कर्जबाजारी माणसे बहुसंख्य होती, पण जमीन गुंतलेली नव्हती. १८७५ मध्ये कर्जाखालील खातेदारांचे प्रमाण कमी होते, पण त्यांच्या पायाखालची जमीनच तारणात गेली होती. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य अधिनियमाने कर्जव्यवहाराचा मागील इतिहास तपासण्याचा, हप्ते बांधून देण्याचा व देणेकऱ्याची अटक टाळण्याचा अधिकार न्यायालयांना दिला.

फुले यांची साक्ष : आतापर्यंतचे बहुतेक निरीक्षक गावाबाहेरून आलेले होते. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये लिहिलेला शेतकऱ्याचा असूड हा ग्रंथ आतून आलेली साक्ष आहे. सरकारी कामगारांतील भटशाही, वाढता शेतसारा, जंगलखात्याने बंद केलेली गायराने, पाण्याची व खताची टंचाई आणि धर्मविधींच्या नावाखाली होणारी लूट यांचा परस्परसंबंध त्यांनी दाखविला. अहवालांतील ‘रयत’ हा शब्द एकजिनसी आहे. फुल्यांच्या ग्रंथात त्या शब्दामागची जात, विद्येचा अभाव व कचेरीतील अवहेलना दिसते. ग्रंथातील शेतकऱ्याच्या घराचे वर्णन कोट्सच्या वर्णनाइतकेच वस्तुनिष्ठ आहे, पण ते तटस्थ नाही. शेतकऱ्याच्या दारिद्र्याला जबाबदार कोण, हा प्रश्न त्यांनी थेट विचारला. बांधबंदिस्ती करून माती अडवावी, तळी व धरणे बांधावीत, जनावरांची पैदास सुधारावी, शेतकऱ्यांच्या मुलांना शेतीचे शिक्षण द्यावे, या त्यांच्या सूचना पुढील काळातील कृषिखात्याच्या कार्यक्रमाशी जुळणाऱ्या आहेत.

हॅरल्ड मॅन : ग्रामपाहणीला शास्त्रीय रूप देण्याचे श्रेय हॅरल्ड हार्ट मॅन (१८७२–१९६१) यांच्याकडे जाते. ते मूळचे इंग्लंडमधील यॉर्क शहराचे. त्याच शहरातील दारिद्र्याची सीबोम राउन्ट्री यांनी घरोघर जाऊन केलेली पाहणी १९०१ मध्ये प्रसिद्ध झाली होती. तिच्या धर्तीवर मॅन यांनी बेडफर्डशरमधील रिजमाँट या शेतकरी खेड्याचा अभ्यास केला. १९०० मध्ये ते चहाउद्योगाचे शास्त्रज्ञ म्हणून भारतात आले आणि १९०७ मध्ये पुण्याच्या कृषि महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. पुढे मुंबई इलाख्याचे कृषिसंचालक म्हणून काम करून १९२७ मध्ये ते निवृत्त झाले. पुण्यातील अस्पृश्य वस्त्यांच्या राहणीविषयीही त्यांनी लेखन केले आहे.

मॅन यांनी पुण्याजवळचे पिंपळे सौदागर हे गाव निवडले. विद्यार्थी व सहकाऱ्यांच्या मदतीने गावातील पाऊस, माती, विहिरी, पिके, वैरण, खत, जनावरे, मजुरी व कर्ज यांची माहिती जमवून त्यांनी ती १९१७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. पेशवेकालीन व ब्रिटिश कागदपत्रांवरून त्यांनी दाखविलेला धारणक्षेत्राचा ऱ्हास विशेष गाजला. १७७१ मध्ये गावातील सरासरी धारणक्षेत्र ४० एकर होते. १८१८ मध्ये ते साडेसतरा एकर झाले. १८२० ते १८४० या काळात ते १४ एकरांच्या आसपास राहिले आणि १९१४–१५ मध्ये सात एकरांवर आले. दहा एकरांहून लहान खात्यांचे प्रमाण ८१ टक्के व पाच एकरांहून लहान खात्यांचे ६० टक्के होते. १५६ खातेदारांची जमीन सातशेहून अधिक तुकड्यांत विभागलेली होती व त्यांपैकी ४६३ तुकडे एकराहूनही लहान होते. वडिलांच्या प्रत्येक शेतात प्रत्येक भावाला वाटा, या वाटणीच्या रीतीमुळे खाते लहान होई आणि विखुरलेही जाई. अशा तुकड्यावर विहीर खोदणे वा कुंपण घालणे परवडत नसे. बैलजोडीचा वेळ एका तुकड्यावरून दुसऱ्यावर जाण्यात खर्ची पडे आणि बांधांखाली गुंतलेली जमीन वायाच जाई.

त्यानंतर मॅन यांनी प्रत्येक कुटुंबाचा जमाखर्च मांडला. किमान गरजा कोणत्या, हे त्यांनी स्वतःच्या कल्पनेने ठरविले नाही. गावकरी ज्या अन्नवस्त्राला आवश्यक मानत, तेच प्रमाण धरले. त्या प्रमाणानेसुद्धा १०३ कुटुंबांपैकी केवळ ८ कुटुंबे शेतीच्या उत्पन्नावर तगू शकत होती. आणखी २८ कुटुंबांचा मेळ बाहेरच्या कमाईमुळे बसत होता. पुणे व खडकी जवळ असल्याने तशी कामे मिळत. उरलेल्या ६७ कुटुंबांची मिळकत, शेती व मजुरी मिळूनही, खर्चाला पुरत नव्हती.

शहराजवळचे गाव अपवादात्मक असेल, या शंकेने मॅन यांनी ना. वि. कानिटकर यांच्या सहकार्याने शिरूर तालुक्यातील जातेगाव बुद्रुक या कोरडवाहू गावाची दुसरी पाहणी केली. ती १९२१ मध्ये प्रसिद्ध झाली. तेथील स्थिती याहून बिकट निघाली. १४७ कुटुंबांपैकी सु. ८५ टक्के कुटुंबे तोट्यातील वर्गात मोडत होती. ज्या तालुक्यात १८७४ मध्ये बहिष्काराची पहिली ठिणगी पडली होती, त्याच तालुक्यातील हे गाव होते. साहाय्य अधिनियम होऊन चार दशके लोटली होती. न्यायालयात शेतकऱ्याला दिलासा मिळाला तरी त्याच्या शेताचा जमाखर्च बदललेला नव्हता.

वाद व परिणाम : मॅन यांचे आकडे प्रसिद्ध झाल्यावर लहान धारणक्षेत्रे हेच दारिद्र्याचे मूळ, असे मत रूढ होऊ लागले. जमिनीचे एकत्रीकरण करावे व वाटणीवर मर्यादा घालावी, असा आग्रह कृषिखात्याचे पूर्वीचे संचालक जी. एफ. कीटिंग यांनी अगोदरपासूनच धरला होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी भारतातील लहान धारणक्षेत्रांविषयीच्या १९१८ मधील निबंधात या विचाराची चिकित्सा केली. शेत लहान की मोठे हे एकरांवरून ठरत नाही. त्यावर लावलेले भांडवल व श्रम यांच्या प्रमाणात ते ठरते. भारतीय शेतकऱ्याजवळ अवजारे व बैल अपुरे असल्याने त्याच्या दृष्टीने हाताशी असलेली जमीनसुद्धा जास्तच आहे. शेतीवर पोसल्या जाणाऱ्या अतिरिक्त माणसांना उद्योगांत काम मिळाल्याखेरीज एकत्रीकरण टिकणार नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. पिंपळे सौदागरच्या २८ कुटुंबांचा मेळ बाहेरच्या कमाईने बसत होता, ही मॅन यांची नोंद या प्रतिपादनाला पूरक आहे.

मुंबई कायदेमंडळात १९२७ मध्ये आलेले लहान धारणक्षेत्रांचे विधेयक विरोधामुळे मागे पडले. तुकडेबंदी व एकत्रीकरण अधिनियम १९४७ मध्ये व कूळवहिवाट अधिनियम १९४८ मध्ये झाला. पुण्यातील गोखले अर्थशास्त्र संस्थेने (स्था. १९३०) धनंजयराव गाडगीळ यांच्या नेतृत्वाखाली पाहणीचे क्षेत्र गावाकडून तालुक्याकडे व पाटबंधाऱ्यांच्या लाभक्षेत्राकडे विस्तारले. समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी लोणीकंदचा फेरअभ्यास करून तो १९६० मध्ये प्रसिद्ध केला. त्यामुळे एकाच गावाची सव्वाशे वर्षांच्या अंतराने केलेली दोन वर्णने उपलब्ध झाली.

कोकणाकडे ही दृष्टी उशिरा वळली. खोती पद्धत, भातखाचरे व खाडीकाठच्या खारजमिनी यांमुळे तेथील प्रश्न वेगळे होते. कोकणातील एका खेड्याची वि. गो. रानडे यांनी केलेली सामाजिक व आर्थिक पाहणी १९२७ मध्ये प्रसिद्ध झाली. उत्तर कोकणात पनवेल तालुक्यातील नावडे व त्याच्या परिसरातील गावे तळोजे औद्योगिक वसाहत व १९७० नंतरचा नवी मुंबई प्रकल्प यांमुळे एका पिढीच्या अवधीत भातशेतीकडून नागरी वस्तीकडे वळली. अशा गावांच्या बाबतीत शेतीचा जुना जमाखर्च हा भूसंपादनाच्या मोबदल्याचा खरा अर्थ समजण्यास आवश्यक असा पुरावा ठरतो. कारण मोबदला जमिनीच्या क्षेत्रावर ठरतो, तर उपजीविका जमीन, खाडी व मजुरी यांच्या मेळावर चालत आलेली असते.

मूल्यमापन : या सर्व लेखनाच्या मर्यादा उघड आहेत. कोट्सचे गाव राजधानीजवळचे व नुकत्याच संपलेल्या युद्धाच्या छायेतील होते. साइक्स परकीय सत्तेचा अधिकारी होता, तर मॅन त्याच सत्तेच्या कृषिखात्यात होते. जमीनमहसूल न्याय्य आहे काय, या प्रश्नापेक्षा शेती सुधारेल कशी या प्रश्नाकडे त्यांचा ओढा स्वाभाविकच अधिक होता. एका गावावरून प्रांताचे अनुमान काढणेही धोक्याचे असते. असे असले, तरी एका बाबतीत हे निरीक्षक यंगच्या पुढे गेले. यंगने वाटेवर भेटलेल्या एका स्त्रीची देणी लिहून घेतली. मॅन यांनी एका गावातील प्रत्येक घराची देणी व मिळकत एकत्र मांडली. त्यामुळे ज्या कुटुंबांविषयी कोणीही तक्रार केली नव्हती, तीसुद्धा हिशेबात आली.

या इतिहासातून आणखी एक गोष्ट स्पष्ट होते. निरीक्षण आणि कृती यांत फार मोठे अंतर पडले. कर्जाचे आकडे १८२० मध्ये उपलब्ध होते व तारणाचा धोका १८५२ मध्ये सांगितला गेला होता. कायदा मात्र रोखे जळाल्यानंतर झाला. तुकड्यांचे आकडे १९१७ मध्ये छापले गेले. तुकडेबंदी तीस वर्षांनी आली आणि तोवर आणखी एका पिढीची वाटणी होऊन गेली होती. पिंपळे सौदागर आज पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत आहे व तेथील शिवारांच्या जागी निवासी इमारती उभ्या आहेत. शेती गेली असली, तरी त्या गावातील १०३ कुटुंबांनी कसे दिवस काढले हे एकेका घराच्या तपशिलासह सांगता येते. महाराष्ट्रातील असंख्य गावांविषयी दप्तरात केवळ त्यांनी भरलेला सारा लिहिलेला आहे.